नाना पेठ ते लष्कर : पुण्यातल्या जुन्या चर्चेसची वाट

पुण्यातल्या पहिल्या चर्चला जागा दिली ती पेशव्यांनी. साल १७९२. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. पेशव्यांच्या फौजेत तेव्हा गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार चाकरीला होते. त्यांच्यातल्या दों मिगेल द नोरोन्हा नावाच्या अधिकाऱ्याने प्रार्थनेसाठी जागा मागितली आणि सरकारातून ती मिळाली. नाना पेठेच्या टोकाला, आजच्या क्वार्टर गेटपाशी, साधंसुधं देवालय उभं राहिलं. त्याचं पूर्ण नाव ‘अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन’, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘सिटी चर्च’. खडकीची लढाई व्हायला तेव्हा अजून पंचवीस वर्षं अवकाश होता.

यातली खरी गंमत त्याआधीच्या इतिहासात आहे. याच घराण्यातल्या चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि तिथल्या चर्चेसच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत येऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी थोरल्या बाजीरावांचा पणतू राजधानीत चर्चसाठी जागा देतो. पोर्तुगीजांशी वैर होतं ते वैर, आणि आपल्या पदरी चाकरी करणारा शिपाई तो आपला, असा रोकडा हिशेब त्यामागे असणार. फौजेतल्या माणसाला सणावाराला देव लागतो, हे पेशव्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुण्यातल्या जुन्या चर्चेसची फेरी सिटी चर्चपासून सुरू करावी ती यासाठी. आज दिसते ती इमारत पेशवेकाळातली नाही. वस्ती वाढली तशी एकोणिसाव्या शतकात ती नव्याने बांधली गेली. शेजारी ऑर्नेलाज शाळा, समोर क्वार्टर गेटची अखंड गर्दी. दुपारी मी आत शिरलो तेव्हा बाहेरचे हॉर्न ऐकू येतच होते. बाकांवर दोन-चार माणसं डोळे मिटून बसलेली. पर्यटक म्हणून मी एकटाच. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझुसमध्ये मात्र दर डिसेंबरात पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. तिथे हौसेने फोटो काढणाऱ्या किती जणांना घरापासून दोन मैलांवर, खुद्द पेशव्यांनी दिलेल्या जागेवर एक चर्च आहे हे ठाऊक असेल?

सिटी चर्चवरून गुरुवार पेठेकडे चालत गेलं तर पुणं हळूहळू जुनं होत जातं. रस्ते अरुंद होतात, दुकानं फुटपाथवर येतात, गोडीजी पार्श्वनाथाच्या जैन मंदिराकडे जाणारी मंडळी दिसू लागतात. जवळच गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा. फुले शिकले ते पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, ही आठवण इथून जाताना होतेच. आणि मग घरांच्या वर एकदम एक उंच, चौकोनी, इटालियन थाटाचा मनोरा दिसतो. तो पंचहौद चर्चचा घंटाघराचा मनोरा. चर्चचं अधिकृत नाव ‘पवित्र नाम देवालय’, इंग्रजीत होली नेम कॅथीड्रल. पंचहौद हे नाव इथल्या पाच हौदांचं. चर्च १८८५ मधलं. उभारलं ते ऑक्सफर्डजवळच्या काउली गावच्या अँग्लिकन मठवासी पाद्र्यांनी, आणि त्यांच्या जोडीला होत्या वाँटेज गावच्या संन्यासिनी. इंग्रजांची बाकीची चर्चेस लष्करात, गोऱ्या शिपायांसाठी. हे मात्र भर पेठेत, मराठी माणसांसाठी.

मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. देवळातली घंटा आपण लोलक हलवून वाजवतो. इंग्लंडात अशा संचाचं वादन वेगळ्या रीतीने चालतं. प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली असते. वादक खालून दोर ओढतो तेव्हा घंटा तोंड वर करून उभी राहते आणि प्रत्येक ओढीला पुरा एक फेरा घेते. आठ घंटांना आठ वादक. सगळे एकापाठोपाठ एक वाजवतात आणि दर आवर्तनाला घंटांचा क्रम बदलत नेतात. सूर मोजकेच, खेळ सगळा क्रमाचा. आठ घंटांचे एकूण ४०,३२० वेगवेगळे क्रम होतात, आणि नियम असा की एकही क्रम पुन्हा यायचा नाही. या कलेला ‘चेंज रिंगिंग’ म्हणतात. भारतात असे संच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये एक आहे आणि पुण्यात हा, गुरुवार पेठेत.

पण मराठी वाचकाला पंचहौद आठवतं ते घंटांमुळे नव्हे, चहामुळे.

ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव जोशी हा एक अवलिया माणूस. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान आहे असं सांगून त्यांनी पुण्यातली बडी बडी मंडळी जमवली. न्यायमूर्ती रानडे आले, लोकमान्य टिळक आले, गोपाळ कृष्ण गोखले आले. व्याख्यान आटोपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी भिडेखातर कपाला हात लावला. गोपाळरावांनी पुढे हजर मंडळींची यादी ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली आणि पेठापेठांतून एकच गदारोळ उठला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशीला शास्त्री आले, ग्रामण्य उभं राहिलं. लग्नकार्यांत, श्राद्धपक्षांत भटजी मिळेनासे झाले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावला. एका कप चहाने सनातनी आणि सुधारक दोघांचीही परीक्षा घेतली, आणि त्यात पुरते उत्तीर्ण फारसे कुणी झाले नाहीत. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात रमाबाई रानड्यांनी या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. पंचहौदला जाण्याआधी ते वाचून जावं.

दुसऱ्या रमाबाईंचा, पंडिता रमाबाईंचा, रस्ताही इथूनच जातो. पंचहौदच्या मिशनशी नाव जोडलेले फादर नेहेमाया गोरे म्हणजे मूळचे नीलकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेले चित्पावन, षड्दर्शनांचे पंडित. १८४८ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेला जाऊन आले, आणि उत्तरायुष्यात काउलीच्या मठवाशांत राहिले. रमाबाईंच्या विचारांवर त्यांच्या युक्तिवादाचा ठसा उमटला. वाँटेजच्या संन्यासिनींशी रमाबाईंची ओळख झाली ती पुण्यात. त्यांच्याच आधाराने त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मुंबईत काढलेलं ‘शारदा सदन’ त्यांनी १८९० च्या नोव्हेंबरात पुण्यात आणलं. म्हणजे चहाचा गदारोळ ऐन भरात असतानाच. तेव्हाच्या पुण्याचा पारा किती चढला असेल याची कल्पना यावरून करावी.

इथली उपासना मराठीत चालते. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळींच्या हाती असतं ते ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचना त्यातलं मोठं वैभव. अभंग, ओवी, भजन यांत घडलेला हा कवी ख्रिस्ती झाला तरी त्याची वाणी वारकऱ्याचीच राहिली. बाहेरून इटालियन मनोरा, आत टाळ-पेटीवर भजन, हे दृश्य ज्याला चमत्कारिक वाटतं त्याने एकदा नाताळच्या दिवसांत इथे यावं. मराठी ख्रिस्ती घरांत त्या वेळी केकबरोबर करंज्या, लाडू आणि चिवड्याचं ताटही फिरत असतं.

पेठ सोडून लष्करात शिरलं की हवा पालटते. रुंद रस्ते, जुनी झाडं, आवारात आत दडलेले बंगले. पुण्याचा कॅम्प वसला तो पेशवाई बुडाल्यावर, आणि फौजेपाठोपाठ चर्च आलंच. जनरल भगत मार्गावरचं सेंट मेरीज हे त्यातलं थोरलं, १८२५ सालचं. दख्खनमधल्या इंग्रजी चर्चेसची ही जणू आई, असं म्हणायची पद्धत आहे. हे बांधून झालं तेव्हा शनिवारवाडा अजून उभा होता. तो जळाला १८२८ मध्ये. म्हणजे दोन-तीन वर्षं तरी पुण्याच्या एका अंगाला पेशव्यांचा वाडा आणि दुसऱ्या अंगाला सेंट मेरीजचा मनोरा, असं चित्र होतं.

या चर्चच्या प्रतिष्ठापनेला थेट कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर आले होते. मुंबईला स्वतःचा अँग्लिकन बिशप मिळाला १८३७ मध्ये. हेबरच्या वेळी सगळा हिंदुस्थान कलकत्त्याच्या बिशपच्या अखत्यारीत, आणि गंमत म्हणजे त्या काळी ऑस्ट्रेलियासुद्धा. हेबर १८२५ च्या पावसाळ्यात मुंबईहून पनवेलला आले आणि खंडाळ्याचा घाट चढून पुण्यात पोहोचले. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हेबरनी आपल्या हिंदुस्थानच्या प्रवासाचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं, कारण पुढच्याच वर्षी, एप्रिल १८२६ मध्ये, तिरुचिरापल्लीला स्नानाच्या हौदात त्यांचा अंत झाला. वय अवघं बेचाळीस.

हेबर कवी होते. त्यांची स्तोत्रं जगभरच्या चर्चेसमध्ये आजही गायली जातात. योगायोग असा की सेंट मेरीजशी दुसऱ्याही एका स्तोत्रकाराचं नाव जोडलेलं आहे. सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर. मुंबईतलं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि ग्रँट रोड ही नावं त्यांचीच. जुलै १८३८ मध्ये दापोडीला गव्हर्नरच्या बंगल्यात त्यांचं निधन झालं आणि त्यांना इथे दफन केलं गेलं. लोकलने ग्रँट रोड स्टेशनवर रोज उतरणाऱ्या माणसाला, हा ग्रँट पुण्यात चिरविश्रांती घेतोय आणि तो स्तोत्रं लिहायचा, हे सांगितलं तर तो आश्चर्याने बघत राहील.

आत गेल्यावर वेळ जातो तो भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिफलकांत. घाईने पुढे जाणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. थांबून एकेक वाचत गेलं की लष्करी छावणीचा ताळेबंद उलगडू लागतो. हुद्दा, पलटण, लढाईचं गाव, वय. फलक लावणारे कोण, तेही खाली कोरलेलं असतं: कुठे पलटणीतले सोबती, कुठे विधवा, कुठे सातासमुद्रापलीकडचे आईबाप. लढाईत पडलेल्यांबरोबर तापाने आणि पटकीने गेलेलेही आहेत. ज्यांनी हा मुलूख जिंकला त्यांच्यातले कित्येक विशी-तिशीतच इथल्या मातीत गेले, ही गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. ती या भिंतींवर आहे. ती वाचताना साम्राज्याबद्दल उमाळा यायचं कारण नाही. पण साम्राज्य चालवायला कोणाचे देह खर्ची पडत होते, गोऱ्यांचेही आणि आपल्यांचेही, हे कळतं. आपल्या शिपायांची नावं मात्र अशा भिंतींवर क्वचितच सापडतात. फलक कोणाचा लागतो आणि कोणाचा लागत नाही, हासुद्धा इतिहासच.

रेसकोर्सच्या बाजूला, एम्प्रेस गार्डनच्या वाटेवर, सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल लागतं. ते आयर्लंडच्या संतांच्या नावाने, कारण ते उभं राहिलं १८५० च्या सुमारास आयरिश कॅथलिक शिपायांसाठी. त्या वर्षांत आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला होता. ज्यांच्या देशात उपासमार चाललेली, ते पोटासाठी इंग्रजांच्या पलटणीत शिरले आणि इथे दुसऱ्या देशावर राज्य करायला उभे राहिले. त्यांच्या अँग्लिकन साहेबाचं चर्च वेगळं, यांचं वेगळं. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला आणि सेंट पॅट्रिक्स त्याचं मुख्य देवालय बनलं. पलटणी केव्हाच गेल्या. आता पुण्याच्या कॅथलिक चर्चेसमधून इंग्रजीबरोबर मराठी, कोंकणी, तमिळ अशा भाषांमध्ये मिस्सा होतात.

तिथून वानवडी जवळ. चर्चेसच्या फेरीत शिंदे छत्री कशाला, असं कुणी विचारेल. महादजी शिंद्यांचं हे स्मारक. १७९४ मध्ये त्यांनी वानवडीला देह ठेवला. पण समाधीपुढचा मोठा सभामंडप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी बांधला, आणि त्याच्या खिडक्यांत रंगीत काचा बसवलेल्या आहेत. सेंट मेरीजच्या काचा पाहून इथे आलं की लक्षात येतं, इंग्रजांच्या देवळातली कारागिरी मराठा सरदाराच्या समाधीपर्यंत केव्हाच पोहोचली होती.

परत कॅम्पातून स्टेशनच्या दिशेने यावं. जनरल पोस्ट ऑफिसजवळचं सेंट पॉल्स हे १८६३ ते १८६७ या काळात बांधलं गेलं. त्याचा नमुना पॅरिसच्या सेंट शॅपेलचा, असं सांगितलं जातं. मूळ सेंट शॅपेल म्हणजे फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने १२४८ मध्ये पुरं केलेलं खासगी देवघर; त्याच्या पंधरा खिडक्यांच्या काचांवर बायबलमधले एक हजाराहून जास्त प्रसंग चितारलेले आहेत. तो थाट इथे शोधू नये, निराशा होईल. घ्यायचा तो आकार: अरुंद, उंच, निमुळत्या छपराचा, सगळं वरच्या दिशेने ओढलेलं.

याच काळात पुण्यात आणखी एक उंच मनोरा चढत होता, आणि तो आजही नवख्या माणसाला चकवतो. लाल विटांचा आणि काळ्या दगडाचा, टोकदार कळसाचा, मधोमध घड्याळ असलेला. दहा जणांपैकी नऊ जण त्याला चर्च म्हणतील. ते आहे ज्यूंचं सिनेगॉग, ओहेल डेव्हिड. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं, आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले, सिनेगॉग पुरं झालं १८६७ मध्ये, आणि त्यांची समाधी त्याच आवारात आहे. एका बगदादी ज्यूने इंग्रज इंजिनिअरकडून चर्चसारखं सिनेगॉग बांधून घ्यावं, आणि मराठी माणसाने त्याला बिनदिक्कत देऊळ म्हणावं, हे पुण्यातच शोभतं. आत जायला मात्र पूर्वपरवानगी लागते. दारात पोलीस असतात.

या सगळ्या वास्तूंचं दुखणं थोड्याफार फरकाने एकच. भिंती चुन्याच्या, आणि डागडुजी सिमेंटची. चुना श्वास घेतो, भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा बसला की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत दगड-विटा भुसभुशीत होतात. छपराची लाकडं वाळवीला बळी पडतात, रंगीत काचेची शिशाची चौकट वाकते, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर थोडे. खर्च पडतो तो मंडळीच्या वर्गणीवर. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलचं शास्त्रशुद्ध जतन झालं आणि २००४ मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली. म्हणजे हे जमत नाही असं नाही. पुण्यातही चुन्यात काम करणारे वास्तुतज्ज्ञ आहेत. वाड्यांवर, देवळांवर त्यांनी हात चालवला आहे. चर्चेसच्या वाट्याला तो हात कमी आला, कारण ही वास्तू ‘आपली’ आहे असं शहराला पुरेसं वाटलेलं नाही.

पुण्याची हेरिटेज फेरी शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा इथे फिरून संपते. तिच्यात सिटी चर्च आणि पंचहौद यायलाच हवेत, आणि तेही इंग्रजांची निशाणी म्हणून नव्हे. एकाला पेशव्यांनी जागा दिली, दुसऱ्यात रानड्यांना आणि टिळकांना चहा भोवला. यापेक्षा जास्त पुणेरी काय असतं?

जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा प्रेक्षक म्हणून जाऊ नये. बसायचं असेल तर शेवटच्या बाकावर बसावं आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा. इतर दिवशी चर्चच्या कार्यालयात विचारून आत जावं. सिटी चर्च, पंचहौद आणि सेंट मेरीज ही तीन एका सकाळीत होतात. सेंट पॅट्रिक्स, सेंट पॉल्स आणि लाल देऊळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. निघताना दानपेटीत काहीतरी टाकावं. छपराच्या दुरुस्तीला ते लागतं.